एक अट राहून गेली

मंगळवार, 18 नोव्हेंबर 2025. सर्व वेळा भारतीय.

दुपारी 4:35
संकेतस्थळांची रहदारी हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या क्लिकहाउस डेटाबेसमध्ये परवानग्यांचा एक बदल लागू होतो. हेतू चांगला आहे. अनेक सर्व्हरवर विभागून चालणारी क्वेरी यापुढे सामायिक खात्यावर न चालता ती सुरू करणाऱ्याच्याच खात्यावर चालावी, म्हणजे एकाच्या बिघडलेल्या क्वेरीचा जाच दुसऱ्याला होणार नाही. मात्र यामुळे वापरकर्त्यांना आजवर दिसणाऱ्या ‘डिफॉल्ट’ डेटाबेसशेजारी ‘आर0’ हाही दिसू लागतो. खरा डेटा आर0 मध्येच साठवलेला असतो आणि टेबलांची नावे दोन्हीकडे सारखीच असतात.

दर पाच मिनिटांनी
बॉट ओळखणाऱ्या मॉडेलने कोणती लक्षणे पाहायची, याची फाइल एका क्वेरीतून तयार होते. क्वेरी इतकीच: अमुक टेबलच्या कॉलमांची नावे आणि प्रकार दे, नावानुसार लावून. कोणत्या डेटाबेसमधले टेबल, हे तिच्यात कुठेच नाही. आजवर एकच दिसत होता, म्हणून भागत होते. आता दोन दिसतात, त्यामुळे प्रत्येक कॉलमची ओळ दोनदा येते आणि फाइल फुगते.

इथे थोडे थांबायला हवे. क्वेरी सोपी करा म्हटले की आपण ओळी कमी करत सुटतो. ही क्वेरी तर आणखी लहान होऊच शकली नसती, पण तिचा अर्थ तिच्या बाहेर, परवानग्यांच्या तक्त्यात ठेवलेला होता. वाचणाऱ्याला क्वेरी कळण्यासाठी दुसरे काही माहीत असावे लागत असेल, तर ती सोपी नव्हे. दुहेरी ओळी दिसताच वर ‘डिस्टिंक्ट’ चिकटवण्याची सवयही मला धोक्याची वाटते. इथे तिने आजचे निभावले असते. उद्या दोन डेटाबेसमध्ये एखाद्या कॉलमचा प्रकार वेगळा झाला की ओळी पुन्हा दुहेरी. ‘डेटाबेस = डिफॉल्ट’ ही एक अट हवी होती. गुंतागुंतीच्या क्वेरीतही आधी विचारायचे ते हेच: प्रत्येक ओळ कुठून येते आणि एकदाच का येते?

4:58
फुगलेली फाइल जगभरच्या सर्व्हरवर पोहोचते. तिथल्या प्रॉक्सी प्रोग्रामने लक्षणांसाठी 200 ची मर्यादा आखून तेवढीच मेमरी राखलेली आहे. मर्यादा ओलांडली जाते. रस्टमधला कोड ही चूक हाताळत नाही, थेट कोसळतो. ग्राहकांच्या संकेतस्थळांवर 500 च्या मालिकेतले एरर उमटू लागतात. एक्स, चॅटजीपीटी अडखळतात.

5:01 ते 5:05
स्वयंचलित चाचणीत बिघाड सापडतो, मिनिटभरात माणसे तपासाला लागतात, मग सगळे एका कॉलवर जमतात.

पुढचा दीड तास
हा काळ सगळ्यात कठीण. परवानग्यांचा बदल क्लिकहाउसच्या नोडांवर टप्प्याटप्प्याने जातो आहे. क्वेरी बदललेल्या नोडवर चालली तर फाइल वाईट, न बदललेल्यावर चालली तर चांगली. त्यामुळे सेवा मध्येच सावरते, पुन्हा पडते. आपल्याच फाइलमुळे असे होईल, हे कुणाला पटणार? त्यातच कंपनीच्या यंत्रणेबाहेर ठेवलेले स्थितिदर्शक पानही योगायोगाने बंद पडते. मोठ्या हल्ल्याची शंका बळावते. शेवटी सगळे नोड बदलतात आणि बिघाड स्थिरावतो.

सायंकाळी 6:35
‘वर्कर्स केव्ही’ आणि ‘ॲक्सेस’ या सेवांना प्रॉक्सीच्या जुन्या आवृत्तीकडे वळवले जाते. थोडा दिलासा.

7:07
बॉटची फाइल हेच मूळ, याची खात्री पटू लागते. आता सारा जोर तिची जुनी, चांगली प्रत परत आणण्यावर.

7:54
नव्या फायली तयार होणे थांबवतात. जुनी प्रत चाचणीत उतरते.

रात्री 8:00
ती प्रत जगभर पोहोचते. बहुतेक रहदारी सुरळीत होते, पण साचलेल्या लॉगिनच्या लोंढ्याने डॅशबोर्ड पुन्हा दबतो.

10:36
सर्व सेवा पूर्ववत. 2019 नंतरचा हा आपला सर्वांत वाईट बिघाड, असे कंपनीने नंतर जाहीर केले. आपल्याच यंत्रणेने बनवलेल्या फायलीही यापुढे बाहेरून आलेल्या माहितीइतक्याच कसून तपासू, असेही सांगितले.