कोंबडीच्या मांडीतला पांढरा धागा

कोंबडी लंगडायला लागली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात तिचा निकाल दोनच ठिकाणी लागतो, आठवडी बाजारात नाहीतर चुलीवर. ती लंगडली का, हे कुणी विचारत नाही. पशुवैद्यक म्हणून या जिल्ह्यात नोकरी करताना मी मात्र अशा पुष्कळ कोंबड्यांच्या मांड्या उघडून पाहिल्या. त्या पाहण्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

1907 साली बुडापेस्टमध्ये योझेफ मारेक या पशुवैद्यकाने चार कोंबड्यांची हकिकत लिहिली. पाय लुळे पडलेले, मज्जातंतू सुजलेले. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या एलरमान आणि बांग यांनी कोंबडीच्या रक्ताचा कर्करोग, एकही पेशी नसलेल्या गाळीव रसाने दुसऱ्या कोंबडीला होतो हे दाखवलं. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी गाठीच्या बाबतीत तेच सिद्ध केलं. म्हणजे कर्करोग विषाणूमुळेही होतो! राउस यांना नोबेल मिळालं 1966 मध्ये. कोंबडीच्या साक्षीवर जगाचा विश्वास बसायला पंचावन्न वर्षं लागली.

घोटाळा पुढे झाला. मारेक यांचा आजार आणि हा रक्ताचा आजार, दोन्हींत यकृत-प्लीहा गाठींनी भरतात. त्यामुळे कितीतरी वर्षं दोन्ही एकाच नावाखाली नांदले. 1960 नंतर इंग्लंडच्या बिग्ज यांनी वेगळेपणाचा आग्रह धरला, आणि 1967 मध्ये चर्चिल व बिग्ज यांना ‘मरेक्स’चा विषाणू सापडला. माणसाला नागीण होते, त्या विषाणूच्या कुळातला. ‘ल्युकोसिस’चा विषाणू अगदी दुसऱ्या घराण्यातला.

नावाचा हा वाद पंडितांचा वाटेल, पण तो शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडतो. ल्युकोसिस आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतो. मरेक्स अंड्यातून येत नाही. तो पिसांच्या कोंड्यातून, शेडमधल्या धुळीतून पसरतो, आणि त्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो.

तुळजापूर तालुक्यातल्या एका तरुणाच्या तीन महिन्यांच्या तलंगा लंगडू लागल्या. एक पाय पुढे, एक मागे, अशा बसायच्या. पिल्लं देणाऱ्याने रोगट अंडी उबवली, असं त्याचं ठाम मत. तक्रारीचा कागदही तयार होता. मी मेलेल्या तलंगीच्या मांडीचे आतले स्नायू बाजूला केले. तिथला मज्जातंतू एरवी पांढराशुभ्र धाग्यासारखा असतो, त्यावर बारीक आडव्या रेघा दिसतात. इथे एका बाजूचा जाड, पिवळसर, रेघा पुसलेल्या. मग गुदद्वाराच्या वरची फॅब्रिशियसची पिशवी पाहिली. ल्युकोसिसमध्ये तिथे बहुधा गाठ असते. ही आक्रसलेली होती. वयही मरेक्सचंच, कारण ल्युकोसिस सहसा चार महिन्यांच्या पुढे दिसतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीतही तेच निघालं. शेजारच्या खणात जुन्या कोंबड्या होत्या आणि खाली जुनंच तूस. तक्रारीचा कागद तसाच राहिला.

‘पण पिल्लांना लस दिली होती!’ तो म्हणाला. खरं होतं. 1970 च्या सुमारास टर्कीच्या विषाणूपासून ही लस निघाली. पिल्लू एक दिवसाचं असताना ती मानेच्या कातडीखाली देतात. कर्करोग लसीने रोखता येतो, हे पहिल्यांदा कोंबडीतच दिसलं. पण लशीचा जोर चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती गाठी रोखते, विषाणूचा शिरकाव नव्हे. म्हणून आजच्या पीसीआरमध्ये विषाणू दिसला एवढ्याने निदान होत नाही. लस घेतलेल्या धडधाकट कोंबडीतही तो सापडतो. सुरीशिवाय गत्यंतर नाही, हे माझं मत. परड्यात खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावरान पिल्लांना तर लस मिळतच नाही.

पिंजऱ्यातल्या बजरीगरचं आणखी निराळं. तो एका पायाने लंगडला तर मूत्रपिंडाची गाठ मज्जातंतू दाबत असण्याची शक्यता मोठी. तिथे लगेच मरेक्स म्हणू नये.

मात्र पक्षी एकदम, ढिगाने मरू लागले, तर घरी सुरी लावू नका. 2025 मध्ये ढोकीला कावळे मेले, ते बर्ड फ्लूने, आणि तो निर्णय भोपाळच्या प्रयोगशाळेनेच दिला. एरवी ताजा मेलेला पक्षी पिशवीत घालून, बर्फावर ठेवून, दवाखान्यात न्या. गोठवू नका, गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही ओळखू येत नाही.