कुंपण आणि संगीत : आइल ऑफ वाइटचा १९७० चा महोत्सव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नावाचे एक लहानसे बेट आहे. १९७० साली तेथील लोकवस्ती सुमारे एक लाख होती. त्या वर्षी २६ ऑगस्टपासून पाच दिवस, बेटाच्या पश्चिमेकडील ईस्ट ॲफ्टन फार्म ह्या शेतजमिनीवर जो संगीतमहोत्सव भरला, त्यास सहा लाख माणसे लोटली असे सांगतात. हा आकडा फुगविलेला आहे असे काहींचे मत आहे. परंतु तो निम्म्यावर आणला तरी यजमानांच्या तिप्पट पाहुणे दारी आले होते, असेच म्हणावे लागेल.

ह्या महोत्सवाचा उगम एका साध्या लोकोपयोगी कार्यात होता. बेटावर बंदिस्त जलतरण तलाव व्हावा म्हणून निधी जमवावयाचा, ह्या हेतूने १९६८ च्या ऑगस्टअखेर फोक बंधूंनी गॉडशिल गावाजवळ एका रात्रीचा कार्यक्रम योजिला. त्यास दहा हजारांच्या आसपास श्रोते आले. पुढल्याच वर्षी बॉब डिलन गावयास आला आणि श्रोतृसंख्या दीड लाखाच्या घरात गेली. तिसऱ्या वर्षी हे कार्य ते आरंभिणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

श्रोत्यांना तेथे जे ऐकावयास मिळाले ते सामान्य नव्हते. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणून जो संगीतप्रकार पुढे नावारूपास आला, तो तेव्हा बाल्यावस्थेत होता. तीन-चार मिनिटांच्या गीताची चौकट मोडून दीर्घ रचना बांधावी, लय मध्येच पालटावी, युरोपच्या अभिजात संगीताशी नाते जोडावे, ही त्याची धडपड होती. २९ ऑगस्ट रोजी एमर्सन, लेक आणि पामर ह्या त्रयीने रशियन संगीतकार मुसॉर्गस्की ह्याची १८७४ मधील पियानोरचना विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर नव्याने मांडली आणि व्यासपीठावर तोफाही उडविल्या. त्या त्रयीचा हा अवघा दुसरा जाहीर कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी जेथ्रो टल ह्या वृंदाचा इयन अँडरसन रॉकच्या गदारोळात बासरी घेऊन उभा राहिला. त्यानंतर मध्यरात्र उलटल्यावर जिमी हेंड्रिक्सने गिटार वाजविली. १८ सप्टेंबर रोजी तो निवर्तला.

ह्या सुरांच्या भोवती पत्र्याचे उंच कुंपण होते. पाच दिवसांच्या तिकिटास तीन पौंड पडत. परंतु मैदानाला लागूनच ॲफ्टन डाउन ही टेकडी उभी होती आणि तिच्या उतारावरून सारे फुकट दिसे व ऐकू येई. तेथे हजारोंनी मुक्काम ठोकला. त्यांतील काहींचे म्हणणे असे की, संगीत सर्वांचे आहे, त्यास कुंपण कशासाठी? कुंपणावर हल्ले झाले. व्यासपीठावरही शांतता राहिली नाही. जोनी मिचेल हिला गाणे थांबवून श्रोत्यांस आदराची विनवणी करावी लागली. अखेर ३० ऑगस्ट रोजी चालकांनी महोत्सव सर्वांस मोफत खुला केल्याचे जाहीर केले. त्यांच्या पदरी मात्र तोटाच आला.

येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे होते, असे आम्हांस वाटते. स्वर कोणाच्या मालकीचा नव्हे, हे टेकडीवरच्यांचे म्हणणे रास्त. कलावंतांची बिदागी कोणी तरी द्यावयास हवी, हे चालकांचे म्हणणेही तितकेच रास्त. देवळाच्या उत्सवात रात्र जागविणाऱ्या आमच्या वाचकांस हे सहज उमगेल. तेथे तिकीट नसते, पण म्हणून उत्सव फुकट होत नाही. तेल, नैवेद्य, बिदागी ह्यांचा भार महाजनांपासून साध्या गृहस्थापर्यंत अनेकांनी आधीच वाटून घेतलेला असतो. म्हणूनच दार उघडे ठेवता येते. वाइटच्या मैदानात भूमी एकाची, पैसा दुसऱ्याचा, कीर्ती तिसऱ्याची आणि हक्क मात्र सर्वांचा, अशी स्थिती होती. भार वाटून घेण्याची रीत तेथे कोणी घालून दिलीच नव्हती.

तिची किंमत बेटाने मोजली. १९७१ साली ब्रिटिश पार्लमेंटने केवळ ह्या बेटापुरता कायदा केला : पाच हजारांहून अधिक माणसांचा रात्रभर चालणारा उघड्यावरचा मेळावा परवान्याविना भरविता येणार नाही. त्यानंतर तो महोत्सव पुन्हा भरावयास २००२ साल उजाडले. मधली बत्तीस वर्षे ॲफ्टनच्या टेकडीवर कुंपण नव्हते, आणि गाणेही नव्हते. एका दिवसात दार उघडता येते. उघडे दार टिकविण्यास मात्र ज्यांच्यासाठी ते उघडले, त्यांचाच खांदा लागतो.