गोड्या पाण्याचा पहारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, ती जाम नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीच्या स्वाधीन होते. म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारातून वाहून गेलेला पाऊस राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला जातो. तेथे माणसाने समुद्राला दाराशी कसे थोपविले, ही कथा म्हणूनच आपल्यालाही परकी नाही.

दुष्काळ, पूर आणि वादळे यांनी खचलेल्या गोदावरीच्या मुखप्रदेशात सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा बांधला. त्यातून निघालेले कालवे शेतीही भिजवीत आणि नावाही वाहून नेत. कालव्याची पातळी उंच, खाडीची खाली. म्हणून नावेला चढउतार करण्यासाठी मधे ‘लॉक’, म्हणजे दोन दारांची पाण्याची खोली. एक दार लावून दुसरे उघडायचे, पातळी सारखी करायची आणि नाव पुढे काढायची.

पण या दाराने नावेबरोबर मीठही आत येते. खारे पाणी गोड्यापेक्षा जड. खाडीकडील दार उघडताच ते तळातून खोलीत घुसते आणि वरचे हलके गोडे पाणी बाहेर निसटते. मग आतले दार उघडले की तेच मीठ कालव्याच्या तळाशी सरपटत जाते. ते रोखायचे तर दारे गरजेपुरतीच उघडावीत, एका फेरीत अनेक नावा घ्याव्यात आणि मुख्य म्हणजे वरून गोड्या पाण्याचा रेटा कायम राखावा. दार लाकडाचे असो वा लोखंडाचे, खरा पहारेकरी वरून येणारे पाणीच.

कॉटनची दृष्टी मुखाशी थांबली नाही. १८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले. आपला मुलूखही त्यातच होता. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड-नागपूरच्या कापसाची ओढ लागली. तो गोदावरी-प्राणहिता-वर्धा या जलमार्गाने समुद्राला न्यावा, अशी योजना होती. दुम्मागुडेमला बांधकामही झाले. परंतु खडकाळ पात्राने दाद दिली नाही, १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली आणि १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली. समुद्रावरून नाव आपल्याकडे आली नाही. आपले पाणी मात्र समुद्राकडे जातच राहिले.

आजही हा प्रश्न सुटलेला नाही. पनामा कालव्यात २०१६ मध्ये मोठी लॉक सुरू झाली. प्रत्येक फेरीचे गोडे पाणी वाचावे म्हणून त्यांच्या शेजारी हौद बांधून तेच पाणी पुन्हा वापरण्याची सोय केली. पाणी वाचले, पण त्याच पाण्याबरोबर मीठ वर चढू लागले आणि गातुन सरोवराचा खारेपणा वाढला. त्याच सरोवरातून शहरांना पिण्याचे पाणी जाते. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा रोजची जहाजे कमी करावी लागली. जगातील उत्तमोत्तम यंत्रांनाही अखेर डोंगरावरच्या पावसाचेच तोंड पाहावे लागले.

आपल्याकडे नदीचे पाणी समुद्राला ‘वाया’ जाते असे म्हणण्याची रीत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी ते शोभतेही. धरण त्याला हवेच आहे. तरी गोदावरीच्या मुखाशी उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की भरतीचे पाणी आत सरकते, आणि धान पिकविणाऱ्याच्या विहिरीला खारटपणा येतो. समुद्राला मिळणाऱ्या पाण्यातला काही वाटा तेथे राखणीला उभा असतो.

१९५६ मध्ये नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा आखल्या गेल्या, पुन्हा आखल्या गेल्या. जामच्या पाण्याने त्यातली एकही विचारली नाही. ते मध्य प्रदेशात उगवते, मराठी गावांना पाजते आणि शेवटी तेलुगू शेताच्या बांधाशी पहारा देते. पाणी अडवावे, जिरवावेही. पण हिशेब मांडताना त्या शेवटच्या दाराचा वाटाही धरावा.