काइट बग्गी : ॲक्सल बोल्ट व चाकांची बेअरिंग्ज

काइट बग्गी ही पतंगाच्या ओढीवर धावणारी, इंजिन नसलेली तीनचाकी गाडी. चालक मागच्या दोन चाकांच्या मध्ये, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसतो, हातांनी पतंग सांभाळतो आणि पुढचे चाक पायांनी वळवतो. कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट १८२६ मध्येच घेतले होते. आजच्या रूपातली बग्गी मात्र न्यूझीलंडमधील ॲशबर्टनचे पतंगनिर्माते पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास रूढ केली. तिला लागली ती चाके बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीची, ४.००-८ मापाची : टायरची रुंदी चार इंच, रिमचा व्यास आठ इंच, फुगवल्यावर एकूण उंची सोळा इंचांच्या आसपास. चाकच बाजारातले असल्यामुळे त्यातले बेअरिंगही बहुधा बाजारातलेच असते. म्हणून बग्गी बनवणारी कंपनी बंद पडली किंवा मॉडेल जुने झाले तरी गाडी भंगारात काढावी लागत नाही.

बेअरिंग झिजते ते वेगाने किंवा वजनाने नव्हे. सोळा इंची चाक ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला जेमतेम ८०० फेरे घेते, आणि या कामातले नेहमीचे ६००४ बेअरिंग त्याच्या कितीतरी पट फेऱ्यांसाठी बनवलेले असते. त्याची भारक्षमताही नऊ-दहा किलोन्यूटनच्या घरात, म्हणजे बसलेल्या माणसासकट सबंध बग्गीच्या वजनापेक्षा बरीच जास्त. खरे शत्रू म्हणजे खारे पाणी आणि वाळू. डेन्मार्कमधील रोमो बेट, बेल्जियममधील द पान, जर्मनीतील सांक्ट पेटर-ओर्डिंग हे या खेळाचे नावाजलेले किनारे, आणि तिथे दोन्ही मुबलक. कॅलिफोर्निया-नेव्हाडा सीमेवरच्या इव्हानपाच्या कोरड्या तळ्यात पाणी नसते, पण तिथली पिठासारखी धूळ सीलच्या कडेने आत शिरते. चाक उचलून हाताने फिरवल्यावर खरखर जाणवली, किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुगडुगले, तर बेअरिंग संपले असे समजावे. त्यात ग्रीस भरून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही.

नवे बेअरिंग मागताना बग्गीचे नाव सांगण्यापेक्षा बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा वाचावा. ही मापे जगभर एकच आहेत. शेवटच्या दोन अंकांवरून आतल्या भोकाचा व्यास कळतो : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणायचे. म्हणून ६००४ आणि ६२०४ या दोन्हींचे भोक २० मिलिमीटरचेच. फसगत होते ती बाहेरच्या मापात : पहिले ४२ मिलिमीटर व्यासाचे आणि १२ रुंदीचे, दुसरे ४७ व्यासाचे आणि १४ रुंदीचे. आकडा गंजाने पुसला गेला असेल तर भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे व्हर्नियरने घेतली की कोणताही बेअरिंगवाला नंबर काढून देतो. आपल्याकडे छताच्या पंख्यात ६२०१ आणि ६२०२ सर्रास असतात. नंबरांचे कुळ तेच.

आकड्यानंतरची अक्षरे दुर्लक्षून चालत नाही. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ किंवा ‘२झेड’ म्हणजे नुसत्या पत्र्याच्या झाकण्या. किनाऱ्यावर रबरी सीलच हवे, कारण पत्रा धूळ थोपवतो, पाणी नाही. स्टेनलेस बेअरिंगची किंमत साध्याच्या कितीतरी पट असते, तरी वाळूपुढे तेही शरण जाते. स्वस्त, पण नावाजलेल्या कंपनीचे बेअरिंग दर हंगामात बदलणे प्रस्तुत लेखकाला जास्त शहाणपणाचे वाटते. सिरॅमिक छर्रे ही या वेगाला निव्वळ चैन आहे.

अमेरिकी चाकांत इंची मापांचा घोळ असतो. तिथल्या हातगाड्यांना ५/८ किंवा ३/४ इंचाचे भोक सर्रास आढळते, म्हणजे १५.८८ आणि १९.०५ मिलिमीटर. तीन-चतुर्थांश इंची ॲक्सलवर २० मिलिमीटरचे बेअरिंग सहज सरकते आणि बसल्यासारखे वाटते, पण जवळपास एक मिलिमीटरची मोकळीक राहते. तेवढ्या खेळात ॲक्सल थोड्याच दिवसांत खाल्ला जातो.

जुने बेअरिंग काढताना पलीकडून सळई घालून आतल्या कडीवर ठोकले तरी चालते, कारण ते टाकूनच द्यायचे असते. नवे बसवताना मात्र दाब फक्त बाहेरच्या कडीवर यावा. दोन बेअरिंगांच्या मधली स्पेसर नळी विसरू नये. ती नसेल किंवा आखूड असेल तर नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे आडव्या दाबाखाली येतात आणि नवे कोरे बेअरिंगही खरखरू लागते. अशा वेळी लोक दुकानदाराला दोष देतात, पण चूक नळीची असते. हरवलेली नळी लेथवाल्याकडून करून घेता येते.

बोल्टच्या बाबतीत काटकसर करू नये. पुढचे चाक चिमट्यात दोन्ही बाजूंनी धरलेले असते, पण मागची चाके बहुतेक रचनांत एकाच बाजूने टेकलेली असतात. त्यामुळे उडी मारून आपटल्यावर किंवा बग्गी आडवी घसरल्यावर सारा वाक बोल्टच्या मुळाशी येतो. वाक सोसण्याचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २० मिलिमीटरचा ॲक्सल १२ मिलिमीटरच्या बोल्टपेक्षा सुमारे साडेचार पट बळकट ठरतो. एम१२ बोल्टवर आटे पाडले की तळाशी व्यास दहा मिलिमीटरच्या आत येतो आणि बळ निम्म्याच्या आसपास उरते. यासाठी पूर्ण आट्यांचा बोल्ट इथे वापरू नये. अर्ध्या आट्यांचा घ्यावा, आणि त्याचा गुळगुळीत भाग बेअरिंगांखाली यावा. बाजारी बोल्टचा हा भाग नाममात्र मापापेक्षा पाव मिलिमीटरपर्यंत बारीक असू शकतो. म्हणून दुकानातच तीन-चार बोल्ट मोजून त्यांतला भरीव निवडावा.

डोक्यावरचा शिक्का पाहावा. ८.८ म्हणजे तुटण्याचे बळ ८०० मेगापास्कल, कायमचे वाकण्याची सीमा ६४०. १०.९ ला हेच आकडे १००० आणि ९००. चकचकीत स्टेनलेसचा ए२-७० बोल्ट गंजत नाही, पण तो ७०० ला तुटतो आणि ४५० लाच वाकू लागतो. खाऱ्या किनाऱ्यावर स्टेनलेस हवेच असेल तर जाडी वाढवावी. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांत अडकून बसतात आणि बोल्ट कापावा लागतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ लावावे. नट नायलॉन कड्याचा असावा आणि प्रत्येक वेळी नवा घालावा.

रुंद ‘बिगफूट’ चाके लावणाऱ्यांनी मूळचे १२ मिलिमीटरचे बोल्ट तसेच ठेवू नयेत. चाकाची मध्यरेषा बाहेर सरकली की वाकाचा हात लांबतो, आणि मग ॲक्सलच बदलावा लागतो.