दाबा आणि फिरवा

औषधाच्या बाटलीवरच्या, मुलांना सहज न उघडणाऱ्या झाकणाचं मूळ संत्र्याच्या चवीत आहे. तापातल्या मुलांनी कुरकुर न करता घ्यावी म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकात अ‍ॅस्पिरिनची गोळी गोड झाली. ती मुलांना आवडली, नको तितकी आवडली. आईची पाठ वळली की मूठभर गोळ्या तोंडात. १९५३ मध्ये शिकागोत देशातलं पहिलं विषबाधा माहिती केंद्र उघडलं, ते अशा मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी. उत्पादकांनी पुढे एक हिशेबी तोड काढली: ८१ मिलिग्रॅमच्या बालगोळ्या एका बाटलीत फक्त ३६. बाटली पार रिकामी केली तरी पोटात जेमतेम तीन ग्रॅम.

झाकण मात्र सीमेपलीकडून आलं. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांच्या पाठपुराव्यातून १९६७ मध्ये तळव्याने दाबून फिरवायचं झाकण तयार झालं, आणि त्या भागातल्या मुलांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्या.

३० डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी विषबाधा प्रतिबंधक वेष्टन कायद्यावर सही केली. १९७२ मध्ये अ‍ॅस्पिरिन त्याखाली आली, १९७४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी, तोंडाने घ्यायची बहुतेक औषधं. तेव्हापासून तिथल्या फार्मासिस्टने असं झाकण लावूनच औषध द्यायचं. रुग्णाने किंवा डॉक्टरने साधं मागितलं तरच साधं. छातीत कळ येताच जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन मात्र वगळलेली. तिथे झाकणाशी झटापट करायला वेळच नसतो.

झाकणाची परीक्षा मुलंच घेतात, हा या कायद्याचा सर्वांत मजेदार भाग. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना जोडीने बसवून बाटल्या देतात. पाच मिनिटं प्रयत्न. मग कसं उघडायचं ते दाखवतात, दात वापरले तरी चालतील असंही सांगतात, आणि पुन्हा पाच मिनिटं. दाखवण्याआधी किमान ८५ टक्के आणि शेवटी किमान ८० टक्के मुलं हरली तर झाकण पास.

मोठ्यांनाही ते उघडता यायला हवं होतंच, पण ही चाचणी १८ ते ४५ वयाच्या माणसांवर व्हायची. रोज गोळ्या घेणारे म्हातारे परीक्षेत नव्हतेच! संधिवाताच्या बोटांना न उघडणारं झाकण घरोघरी नुसतं टेकवून ठेवलं जाई. सुरक्षेची सक्तीच बाटली उघडी ठेवायला लावत होती, आणि ही चूक कायदा राबवणाऱ्यांची होती, म्हाताऱ्यांची नव्हे. १९९५ मध्ये नियम बदलून ५० ते ७० वयाचे परीक्षक आले.

कीप विस्कुसी या अर्थशास्त्रज्ञाने तर १९८४ मध्येच आक्षेप घेतला होता, की झाकणाच्या भरवशावर पालक गाफील होतात. शंका रास्त होती, पण झाकणाने काम केलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९७४ नंतरच्या दोन दशकांत चिठ्ठीवरच्या औषधांमुळे होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण या वेष्टनामुळे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

तरी परीक्षेतले आकडे पुन्हा वाचा. दहा मिनिटांत शंभरातल्या वीस मुलांनी झाकण उघडलं तरी ते कायद्याने उत्तीर्णच. तेव्हा औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवरच ठेवा, कुलपात ठेवता आली तर आणखी बरं.