फौजदारी, दिवाणी, कौटुंबिक : नवोदित बॅरिस्टरची संमिश्र वकिली

'बॅरिस्टर' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या 'ग्रेज इन'मधून बॅरिस्टर झाले. महात्मा गांधींनी त्याआधी १८९१ मध्ये 'इनर टेंपल'मधून ही सनद मिळवली होती. परंतु बॅरिस्टर इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात काय काम करतो आणि व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत त्याचा दिवस कसा जातो, याची माहिती आपल्याकडे फारशी नसते. या काळात अनेक नवोदित बॅरिस्टर फौजदारी, दिवाणी आणि कौटुंबिक अशी तिन्ही प्रकारची प्रकरणे हाताळतात. अशा वकिलीला तेथे 'संमिश्र प्रॅक्टिस' म्हटले जाते.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर

इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिली व्यवसायाच्या दोन शाखा आहेत. पक्षकार सर्वसाधारणपणे प्रथम सॉलिसिटरकडे जातो. कागदपत्रे तयार करणे, पत्रव्यवहार करणे आणि साक्षीदारांचे जबाब गोळा करणे ही कामे सॉलिसिटर करतो. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद व उलटतपासणी करणे आणि गुंतागुंतीच्या प्रश्नांवर लेखी मत देणे हे मुख्यत्वे बॅरिस्टरचे काम. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ही विभागणी दीर्घकाळ रूढ होती. तिच्या खुणा तेथील व्यवहारात आजही आढळतात.

बॅरिस्टर होण्यासाठी कायद्याचे शिक्षण व व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एका 'इन'चे सदस्यत्वही आवश्यक असते. त्यानंतर साधारण वर्षभराची उमेदवारी असते. पहिले सहा महिने ज्येष्ठांच्या हाताखाली निरीक्षणात जातात. पुढील सहा महिन्यांत उमेदवार स्वतः न्यायालयात उभा राहू शकतो. मग एखाद्या 'चेंबर्स'मध्ये कायमची जागा मिळवावी लागते. चेंबर्स ही कंपनी नव्हे. तेथील बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात. कार्यालयाचा खर्च ते वाटून घेतात. पगार कोणालाही मिळत नाही.

'ज्युनिअर' या शब्दाने गैरसमज होऊ शकतो. 'किंग्ज कौन्सेल' हा बहुमान न मिळालेला प्रत्येक बॅरिस्टर, मग त्याची पंचवीस वर्षे वकिलीत गेलेली असोत, ज्युनिअरच म्हणवला जातो.

रात्री ब्रीफ, सकाळी न्यायालय

नवोदिताच्या कामाची सूत्रे चेंबर्सच्या क्लार्ककडे असतात. हा साधा कारकून नव्हे. कामे मिळवणे, शुल्क ठरवणे आणि कोण कोठे जाईल हे निश्चित करणे त्याच्या हाती असते. एखाद्या बॅरिस्टरला दुसऱ्या खटल्यामुळे वेळ नसेल, तर त्याचे ब्रीफ दुसऱ्याकडे जाते. या 'रिटर्न' कामांवर नवोदितांचा बराच अनुभव उभा राहतो. अनेकदा कागद आदल्या सायंकाळी हाती पडतात.

अशा आठवड्यात सोमवारी दंडाधिकाऱ्यांपुढे चोरीच्या आरोपीचा जामीन असतो. मंगळवारी काउंटी न्यायालयात घरभाडे थकल्याने ताब्याचा दावा चालतो. बुधवारी कौटुंबिक न्यायालयात मुलाने कोणाकडे राहावे, याचा वाद असतो. क्राउन कोर्टात विग आणि झगा घालावा लागतो. दंडाधिकाऱ्यांपुढे व कौटुंबिक न्यायालयात साध्या काळ्या पोशाखात काम चालते.

प्रकरण निवडण्याचे स्वातंत्र्यही मर्यादित असते. लंडनच्या थांब्यावरील टॅक्सीचालकाने रांगेतील पहिला प्रवासी घ्यावा, तसे आपल्या क्षेत्रातील काम योग्य शुल्क व वेळ असल्यास बॅरिस्टरने स्वीकारावे, असा नियम आहे. पक्षकार अप्रिय आहे, ही सबब चालत नाही.

एक घर, तीन न्यायालये

तिन्ही कायद्यांची ओळख का उपयोगी पडते, हे एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. विवाह न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यात पुरुषाने स्त्रीला मारहाण केली. मारहाणीचा खटला फौजदारी न्यायालयात चालेल. मुलांचा प्रश्न आणि त्रास न देण्याचा मनाई आदेश कौटुंबिक न्यायालयात जाईल. घर दोघांच्या पैशातून घेतलेले असेल, तर त्यातील वाट्याचा वाद १९९६ च्या विश्वस्त-जमीन कायद्याखाली दिवाणी मार्गाने सोडवावा लागेल, कारण अविवाहित जोडीदारांना घटस्फोटित पती-पत्नीसारखे हक्क तेथे मिळत नाहीत.

या तिन्ही ठिकाणी एकच बॅरिस्टर उभा राहील असे नाही. मात्र एका ठिकाणच्या निर्णयाचा दुसरीकडे काय परिणाम होतो, हे त्याला ठाऊक असावे लागते. फौजदारी न्यायालयात गुन्ह्याविषयी ज्युरीची खात्री पटावी लागते. कौटुंबिक न्यायालयात घटना घडली असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा अधिक आहे, एवढे पुरते. हे तत्त्व हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे निर्दोष सुटलेल्या व्यक्तीविरुद्धही कौटुंबिक न्यायालय मारहाण झाल्याचा निष्कर्ष काढू शकते. उलट, कौटुंबिक न्यायालयाचा मनाई आदेश मोडणे २००७ पासून फौजदारी गुन्हा आहे.

पोलिसांच्या प्रश्नांपुढे गप्प राहण्याचा सल्ला आरोपीला देता येतो. परंतु मूल सरकारी देखभालीत घेण्याच्या सुनावणीत, उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू या कारणास्तव, साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. १९८९ च्या बाल कायद्याने तेथील कथन शपथभंगाखेरीज इतर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरण्यास मनाई केली आहे. ज्याने फक्त एकच कायदा पाहिला आहे, त्याचा सल्ला अशा ठिकाणी अपुरा ठरू शकतो.

व्यवसायापुढील अडचण

ही वकिली आर्थिकदृष्ट्या सोपी राहिलेली नाही. एप्रिल २०१३ पासून बहुतेक खासगी कौटुंबिक वादांना मिळणारे सरकारी विधिसाह्य बंद झाले. कौटुंबिक अत्याचाराचा पुरावा असेल तर अपवाद होतो. परिणामी अनेक आई-वडील वकिलाविना न्यायालयात उभे राहतात. फौजदारी शुल्काच्या प्रश्नावर बॅरिस्टरांनी एप्रिल २०२२ पासून 'रिटर्न' कामे नाकारली आणि ५ सप्टेंबरपासून बेमुदत काम बंद केले. ऑक्टोबरमध्ये १५ टक्के वाढीचा प्रस्ताव स्वीकारून ते मागे घेण्यात आले. तरीही क्राउन कोर्टातील प्रलंबित खटल्यांची संख्या २०२४ मध्ये ७० हजारांच्या पुढे गेली.

विधिसाह्याचे पैसे उशिरा व कमी मिळत असल्याने खासगी दिवाणी कामांचे उत्पन्न नवोदिताला तगवून धरते. ते वाढले की फौजदारी काम सोडण्याचा मोह होतो. त्याची किंमत सामान्य पक्षकाराला मोजावी लागते. खटला उभा राहतो आणि घेणारा बॅरिस्टर सापडत नाही, म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. कोठडीतील आरोपी आणि साक्ष देण्यासाठी थांबलेली पीडित व्यक्ती, दोघांनाही न्यायासाठी तेवढेच थांबावे लागते.