चित्र-पोस्टकार्डे, अमूर्त कलेची

एका बाजूस अमूर्त चित्राची मुद्रित प्रतिकृती व दुसऱ्या बाजूस पत्ता आणि मजकूर यांसाठी जागा असलेली पोस्टकार्डे. संग्रहालये, कलासंस्था व प्रकाशक ती प्रसिद्ध करतात. पुष्कळदा ती टपालात न पडता रसिकांच्या संग्रही राहतात. देवदेवता, व्यक्ती वा निसर्गदृश्य यांच्या चित्रातील विषय लहान प्रतिकृतीतही ओळखता येतो. अमूर्त चित्रात मात्र रंग, पोत, अवकाश व आकारमान हाच आशय असतो. त्यामुळे छपाईत होणारा बदल हा आशयातीलच बदल ठरतो.

पोस्टकार्डाची सुरुवात ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ मध्ये झाली. भारतात ते १८७९ मध्ये पाव आणा किंमतीस मिळू लागले. चित्रित कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. आरंभी कार्डाची मागील संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव असे व मजकूर चित्राच्या कडेला लिहावा लागे. ब्रिटनमध्ये १९०२ साली मागील बाजू विभागण्यास परवानगी मिळाली आणि पुढील बाजू चित्रासाठी मोकळी झाली.

महाराष्ट्रात या प्रकाराची पूर्वपीठिका रंगीत शिलामुद्रणात आढळते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना प्लेगच्या साथीनंतर मळवली (ता. मावळ, जि. पुणे) येथे हलविण्यात आला. हे ठिकाण आजच्या चाकण-तळेगाव औद्योगिक पट्ट्याच्या पश्चिमेस लोहमार्गावर आहे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून तेथे पौराणिक चित्रे छापली जात. लहान आकाराची कार्डेही निघाली. पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने हा छापखाना विकत घेतला. १९७२ मध्ये तो आगीत नष्ट झाला. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईतील लोकजीवनावर काढलेली चित्रेही विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांवर आली. या सर्व कार्डांचा आधार ओळखीचा विषय हाच होता.

अमूर्त चित्र कार्डावर आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग वायमार येथील बौहाउस या कलाशाळेने केला. १९२३ च्या प्रदर्शनासाठी तिने शिलामुद्रित २० पोस्टकार्डांची मालिका काढली. कँडिन्स्की, क्ले, फायनिंगर, मोहोली-नॉज आदींनी त्यांसाठी चित्रे रचली. ती मोठ्या चित्रांच्या प्रतिकृती नव्हत्या. कार्डाचा आकार गृहीत धरूनच ती रचली होती. बौहाउसच्या कलावंतांची चित्रे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या प्रदर्शनात भारतीयांना मुळातून पाहता आली होती. पण असे योग विरळाच. मुंबईच्या तरुण चित्रकारांना १९४० नंतरच्या दशकात युरोपीय आधुनिक कलेचा परिचय झाला, तो बव्हंशी ग्रंथांतील रंगीत प्रतिकृतींतून व वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारख्या स्थलांतरित युरोपीय कलावंतांच्या सहवासातून. लहान मुद्रित प्रतिकृतीचे ऐतिहासिक कार्य यावरून स्पष्ट होते.

प्रतिकृतीच्या मर्यादा वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांच्या संदर्भात विशेष जाणवतात. नागपूर येथे जन्मलेल्या व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या गायतोंडे यांच्यावर प्रारंभी क्ले यांचा प्रभाव होता. पुढे त्यांनी रूळ व पाते यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविण्याची व काढून घेण्याची पद्धती अवलंबिली. त्यांच्या अनेक चित्रांची उंची पाच फुटांच्या आसपास आहे. १५२ × १०२ सेंमी. आकाराचे चित्र १०.५ × १४.८ सेंमी. कार्डावर आणल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे एक शतांश उरते. शिवाय चौरंगी छपाईत निळा, किरमिजी, पिवळा व काळा या रंगांच्या सूक्ष्म ठिपक्यांतून छटा निर्माण होतात. एकावर एक दिलेल्या अर्धपारदर्शक थरांची खोली त्यांत सपाट होते. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या बिंदुचित्रांतील ठळक भौमितिक रचना त्या मानाने कार्डावर अधिक टिकते. तथापि गायतोंडे यांनी मोजकीच चित्रे काढली व त्यांतील बरीच खाजगी संग्रहांत आहेत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील २०१४-१५ च्या प्रदर्शनासारखे प्रसंग सोडल्यास ती एकत्र पाहावयास मिळणे दुर्घट आहे. म्हणूनच अपुरी असूनही प्रतिकृती अनिवार्य ठरते.

अशा कार्डांच्या प्रसारावर कायद्याचेही बंधन आहे. भारतीय प्रतिलिप्याधिकार अधिनियम, १९५७ अन्वये कलाकृतीवरील हक्क सामान्यतः कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि केवळ चित्र विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क मिळत नाही. रविवर्म्याची चित्रे आज कोणासही छापता येतात. गायतोंडे यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत २०६१ च्या अखेरीस संपेल.

अमूर्त चित्राच्या कार्डाची मागील बाजू त्यामुळे पुढील बाजूइतकीच महत्त्वाची असते. चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, मूळ आकारमान व संग्रह यांची नोंद तेथे अपेक्षित असते. शीर्षक नसलेल्या चित्राची वरची बाजू कोणती, हेही पुष्कळदा या नोंदीच्या छपाईवरूनच कळते. आकारमानाची नोंद गाळल्यास भिंतभर पसरलेले चित्र व वहीच्या पानाएवढे चित्र यांतील भेद पाहणाऱ्यास उरत नाही. नोंद अचूक असलेले कार्ड मूळ चित्राची जागा घेत नाही. ते चित्राचे स्मरण देते व ते प्रत्यक्ष पाहण्याची ओढ निर्माण करते.